जुनी फायबर होडी पुन्हा पाण्यात उतरवताना

कोकणातल्या कुठल्याही जेटीच्या मागे चक्कर मारा, माडाखाली पडून राहिलेली एखादी तरी फायबरची होडी दिसेल. रंग उडालेला, आत पाला आणि पावसाचं पाणी, मागच्या बाजूला इंजिनाच्या बोल्टांची गंजकी भोकं. ‘घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल,’ असं मालक सहज म्हणून जातो. लाकडी होडी अशी टाकून दिली की काही पावसाळ्यांत मातीला मिळते. फायबर मिळत नाही. जाळलं तर घातक धूर होतो, भंगारवाला हात लावत नाही, पुरलं तर तसंच राहतं. म्हणून सांगाडा धड असेल तर जुनी होडी दुरुस्त करणं मला किनाऱ्याच्या दृष्टीनेही मोलाचं काम वाटतं.

इथे लिहितोय ते १६ ते २० फुटी, उघड्या, आउटबोर्ड इंजिनावर चालणाऱ्या होडीबद्दल. खाडीत जाळं टाकायला, गळ लावायला, घरच्यांना फिरवून आणायला वापरतात ती. मोठ्या ट्रॉलरचं गणित वेगळं, ते काम कारखान्यातल्या माणसांवर सोडावं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. फायबरच्या होडीत फायबर क्वचितच मरतं, मरतं ते त्याच्या पोटात बंद केलेलं लाकूड. ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची भिंत, फ्लोअरखालचे उभे दांडे आणि फ्लोअर स्वतः, या तिन्ही ठिकाणी बहुतेक होड्यांत प्लायवुड किंवा लाकूड असतं. एखाद्या बोल्टाच्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आतच राहतं. त्यामुळे पाणी कुठे शिरलंय ते शोधायचं, तो भाग उघडायचा, पूर्ण वाळवायचा, आणि मगच रेझिनचा, म्हणजे फायबरच्या तंतूंना बांधून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा डबा उघडायचा. रंग सगळ्यात शेवटी.

घेण्याआधी

पहिलं काम कागदांचं. महाराष्ट्रात मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते आणि नोंदणी-परवान्याचं काम ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन पोर्टलवरून चालतं. प्रवासी किंवा पर्यटनाची होडी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ, गोव्यात असाल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स. होडीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, विकणारा खरंच मालक आहे का, हे बघूनच पैसे द्या. कागद नसलेली होडी फुकट मिळाली तरी पुढे ती पाण्यात घालताना पंचाईत होते.

मग होडी वाजवून बघा. प्लास्टिकच्या मुठीचा छोटा हातोडा किंवा एखादं जड नाणं पुरतं. कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या कडेपासून सुरुवात करून वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं फायबर टणक, कोरडा आवाज देतं. थर सुटलेले असतील किंवा आत पाणी असेल तिथे आवाज बद्द होतो. तसा भाग दिसला की खडूने गोल करा. हे घाईत उरकू नका, पूर्ण होडीला तासभर तरी द्या, कारण त्या खडूच्या नकाशावरच पुढचा सगळा खर्च ठरतो.

ट्रान्समची परीक्षा वेगळी. इंजिन लावलेलं असेल तर ते वर उचला आणि खालच्या टोकाला धरून झोका द्या. इंजिनाबरोबर ट्रान्समही मागे-पुढे हलत असेल किंवा कोपऱ्यात भेगा उघडझाप करत असतील तर आतलं लाकूड गेलं. इंजिन नसेल तर आतल्या बाजूने, तळापासून चार बोटं वर, ५ मिलिमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडा आणि बाहेर येणारा भुसा चिमटीत घ्या. फिकट, कोरडा भुसा आला तर उत्तम. काळपट, ओला, बोटांनी दाबल्यावर पाणी सुटणारा आणि आंबूस वासाचा लगदा आला तर ट्रान्सम बदलायचा, चर्चा नको. अर्थात मालकाला विचारूनच भोक पाडा आणि नंतर बुजवूनही द्या.

मी स्वतः ट्रान्सम गेलेली होडी बिनदिक्कत घेईन. कणा मोडलेली किंवा वाकलेली घेणार नाही. कण्यालगत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून मागेपर्यंत दोरी ताणून धरली की वाक लगेच दिसतो. जमिनीवर चुकीच्या जागी टेकवून वर्षानुवर्षं ठेवलेल्या होड्या अशा पोटात दबतात आणि मग पाण्यात सरळ चालत नाहीत.

काम कधी काढायचं

आपल्याकडे एक अडचण ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी, होड्या वर ओढलेल्या, हात रिकामे. साहजिकच सगळ्यांना तेव्हाच दुरुस्ती सुचते. पण पॉलिएस्टर रेझिनला सगळ्यात वाईट हवा तीच. ओलसर पृष्ठभागावर रेझिन धरत नाही, ओलावा धरलेली मॅट (काचतंतूंची चटई) पांढुरकी पडते, आणि ताडपत्रीखाली कितीही पंखे लावले तरी लाकूड वाळत नाही. पावसाळ्यात फक्त उघडण्याचं, कापण्याचं आणि साफसफाईचं काम करा. रेझिनचं काम नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा हवा कोरडी असते आणि ऊन सोसण्याजोगं. एप्रिल-मेमध्येही जमतं, पण दुपारच्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून पहाटे सुरुवात करून दहापर्यंत आटोपायचं.

जागा आणि अंगावरचं सामान

होडी कण्यावर टेकली पाहिजे. माडाचे ओंडके किंवा जाड लाकडाचे ठोकळे कण्याखाली तीन-चार ठिकाणी, आणि बाजूंना वाळूची पोती किंवा जुने टायर. बाजूच्या टेकूंवर वजन पडू देऊ नका. वर सावली हवी, बाजू मोकळ्या हव्यात.

फायबरची धूळ त्वचेत रुतते आणि फुप्फुसात गेली तर सगळी बाहेर येत नाही. घासताना किमान एन-९५ मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे. अंग खाजायला लागलं तर गरम पाणी नको, आधी थंड पाण्याने धुवा. रेझिनचं काम करताना धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, त्यातल्या स्टायरीनच्या वाफेसाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. ॲसिटोन झटकन पेट घेतो, जवळपास बिडी-सिगारेटही नको.

सगळ्यात मोठा धोका रेझिन कडक करणाऱ्या हार्डनरचा, म्हणजे एमईकेपी या रसायनाचा. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नका. गेलाच तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि धुऊन झाल्यावर तडक डॉक्टरकडे. यासाठी पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या कामाच्या जागीच ठेवा.

धुणं आणि वाळवणं

शेवाळ, कालवं, जुने रंगाचे पापुद्रे खरवडून काढा. मग गोड्या पाण्याने होडी आतून-बाहेरून पुन्हा पुन्हा धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खारट राहिलेलं फायबर कितीही दिवस उन्हात ठेवा, पूर्ण वाळत नाही.

नंतर ॲसिटोनने पुसणं, आणि ते घासण्याच्या आधी. जुन्या होडीवर साच्याचं मेण, डिझेल, तेल असं काय काय असतं. आधी घासलंत तर ते सगळं ओरखड्यांत खोल जातं. दोन फडकी घ्या. एकाने ओलं करा, सुकायच्या आत दुसऱ्याने टिपून घ्या. फडकी बदलत राहा.

वाळलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. हातभर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा फायबरवर ठेवा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि एक दिवस उन्हात राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर अजून थांबा.

ट्रान्सम

हे काम जमलं की बाकी सगळं जमतं. बाहेरचा थर राखायचा आणि आतून उघडायचं, म्हणजे होडीचा आकार बदलत नाही.

काढण्याआधी मापं घ्या. इंजिनाच्या शाफ्टप्रमाणे ट्रान्समची उंची असते, छोट्या शाफ्टला साधारण १५ इंच, लांब शाफ्टला २०. जाडी तुमच्या इंजिनाच्या क्लॅम्पमध्ये बसेल इतकीच ठेवायची, त्यामुळे क्लॅम्प पूर्ण उघडून तेही मोजा. आता आतला थर कडेपासून दोन इंच सोडून ग्राइंडरने कापा. पात्याची खोली आतल्या थरापुरतीच. कुजलेलं लाकूड छिन्नीने, कधी कधी नुसत्या हातानेही निघतं. खालच्या कोपऱ्यांतला भाग मात्र चिवट असतो, तो अर्धवट ठेवायचा मोह आवरा. राहिलेल्या ओल्या तुकड्यातूनच कूज परत सुरू होते.

बाहेरच्या थराची आतली बाजू ४० नंबरच्या डिस्कने घासा, चकाकी कुठेही दिसता कामा नये. जुन्या फायबरवर नवं रेझिन रसायनाने जुळत नाही, त्या ओरखड्यांना धरूनच ते बसतं.

पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मग प्लाय कापा. प्लाय मरीनच घ्या, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून साधारण दीड इंच होते. या जोडासाठी मी पॉलिएस्टर वापरत नाही, इपॉक्सी हे दोन घटकांचं रेझिनच वापरतो, कारण लाकडावर पॉलिएस्टरची पकड इपॉक्सीच्या जवळपासही येत नाही. आधी फळ्यांच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना पातळ इपॉक्सी पाजा, कडा अजून पितील तेवढी द्या. मग सिलिका पावडर मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी दातेरी पट्टीने पसरवा, फळ्या बसवा आणि आरपार बोल्ट टाकून आवळा. कडेने चारी बाजूंनी थोडी इपॉक्सी बाहेर आली पाहिजे, येत नसेल तिथे पोकळी आहे. फार आवळूही नका, सगळी इपॉक्सी पिळून बाहेर गेली तर जोड कोरडा राहतो.

दुसऱ्या दिवशी बोल्ट काढा. ट्रान्सम आणि होडीच्या बाजू जिथे मिळतात त्या काटकोनात घट्ट इपॉक्सीची गोलाई भरा, मोठ्या चमच्याची पाठ फिरवली की छान गोलाई येते. फायबरचं कापड काटकोनात बसत नाही, तिथे हवा राहते. मग आतल्या बाजूने तीन-चार थर, प्रत्येक थर बाजूंवर आधीपेक्षा थोडा जास्त पुढे नेऊन.

इंजिनाच्या बोल्टांची आणि पाणी काढायच्या बुचाची भोकं हवीत त्यापेक्षा मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, आणि वाळल्यावर त्या इपॉक्सीतून योग्य मापाचं भोक पाडा. आता बोल्टामधून पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. जुनी होडी कुजली ती नेमकी हे न केल्यामुळे.

रेझिन कसं कालवायचं

दुकानात जीपी, म्हणजे सर्वसाधारण कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं. पाण्याखालच्या भागासाठी थोडे जास्त पैसे देऊन आयसो, म्हणजे आयसोफ्थॅलिक रेझिन घ्या, ते पाणी कमी पितं. आपल्याकडे रेझिन पुष्कळदा कोबाल्ट (ते घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) न घातलेलं येतं आणि कोबाल्ट वेगळ्या बाटलीत देतात. घेताना विचारून घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग त्यात हार्डनर. दोघांची मापंही वेगळी ठेवा, एकच माप दोघांना वापरायचं नाही.

एक किलो रेझिनला हार्डनर १० ते २० मिली. कडक ऊन असेल तर १० कडे, थंड सकाळी २० कडे. १० च्या खाली जाऊ नका, रेझिन कच्चं राहतं. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर प्रत्येक वेळी कमी रेझिन कालवा. सुरुवातीला अर्ध्या किलोच्या वर जाऊ नका. डब्यात उरलेलं रेझिन स्वतःच तापतं, धुरकटतं, म्हणून ते पसरट ताटलीत ओतून मोकळ्या जागी ठेवा.

४५० ग्रॅमच्या मॅटला एक चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन लागतं आणि त्यातून एक मिलिमीटरच्या आसपास जाडी येते. यावरून खरेदीचा हिशोब करा.

लावताना आधी जागेवर रेझिन, त्यावर मॅट, मग वरून रेझिन. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढलात तर मॅटचे तंतू गोळा होतात. कोरडी मॅट पांढरी दिसते, रेझिन मुरलं की पारदर्शक होते आणि खालचं फायबर दिसायला लागतं. पांढरे ठिपके राहिले ती हवा. खाचांचा लोखंडी रोलर मधून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने फिरवला की बुडबुडे कडेला सरकतात आणि बारीक चुर्र आवाज करत फुटतात. रेझिन खरवसासारखं थरथरायला लागलं की हात थांबवा, त्यानंतर रोलर फिरवलात तर थर उचलला जातो. थोड्या वेळाने ते रबरासारखं होईल. तेव्हा कडेला लोंबणारी मॅट धारदार चाकूने कापा, दुसऱ्या दिवशी त्याच कामाला ग्राइंडर लागेल.

इपॉक्सी वापरत असाल तर साधी चिकट मॅट चालत नाही. तिच्यातला चिकटवणारा पदार्थ स्टायरीनमध्येच विरघळतो. शिवलेलं किंवा विणलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही हे लक्षात ठेवा. उलट क्रम चालतो. म्हणजे ट्रान्सम इपॉक्सीचा केलात तर त्यावर जेलकोट (पॉलिएस्टरचा वरचा चकचकीत थर) नको, दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लावा.

भेगा, भोकं, फोड

चांदणीसारख्या बारीक भेगा बहुधा आघाताच्या, त्या वरच्या जेलकोटपुरत्या असू शकतात. एका ओळीत समांतर भेगा असतील तर तो भाग वाकतोय, आत दांडा सुटलाय का ते आधी बघा. भेग कितीही छोटी असली तरी ग्राइंडरच्या कोपऱ्याने इंग्रजी व्ही आकारात उघडा. तळाशी फायबर पांढरं, तुटकं दिसलं तर नुसती पुट्टी भरून भागणार नाही, थर द्यावे लागतील.

आरपार भोकासाठी उतार महत्त्वाचा. जाडीच्या बारा पट, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या होडीला भोकाच्या कडेपासून चारी बाजूंनी ७२ मिलिमीटर. हा आकडा ऐकून सगळेच दचकतात, पण ठिगळाची ताकद त्या उतारातच असते. बाहेरच्या बाजूला मेण लावलेला सनमायकाचा तुकडा दाबून धरा आणि आतून थर द्या. पहिला थर मॅटचा आणि सगळ्यात मोठा, मग रोव्हिंग (जाड विणलेलं फायबरचं कापड), मग परत मॅट, असे आलटून-पालटून लहान होत जाणारे.

कायम पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला फोड येतात. फोडताना चष्मा घाला, आतलं पाणी दाबाखाली असतं. ते चिकट लागलं आणि शिरक्यासारखा आंबट वास आला तर पाणी थरांत मुरलंय असं समजा. सगळे फोड उघडून गोड्या पाण्याने अनेकदा धुवा, भरपूर वाळवा आणि इपॉक्सी पुट्टीने भरा.

फ्लोअर आणि फोम

फ्लोअरखाली फोम असेल तर एक तुकडा कापून पिळून बघा. भिजलेला फोम होडीला कायमचं जड करतो, तो सगळा काढायचा. त्या जागी बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम भरा, पण भराच. होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते ती त्याच्या जोरावर. १०० लिटर फोम साधारण ९५ किलो उचलतो. थर्माकोल भरू नका, पॉलिएस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्ही त्याला विरघळवतात. फोमच्या खालून, कण्यालगत पाणी बुचापर्यंत वाहून जाईल अशी वाट ठेवा.

रंग, इंजिन आणि पहिली भरती

मासेमारीच्या नौकांना राज्याप्रमाणे रंग ठरवून दिलेले आहेत, डबे आणण्याआधी कार्यालयात विचारा. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करा आणि दुपारी तीनच्या आत थांबा, नाहीतर संध्याकाळच्या ओलाव्याने चकाकी मरते. तांबडी धूळ उडत असेल तर आधी जमिनीवर पाणी मारा. होडी रोज वर ओढणार असाल तर शेवाळरोधक रंगावर खर्च करायची गरज नाही.

जुने पेट्रोल पाइप सरसकट बदला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला मऊ करतं. होडीत फायबरची जुनी पेट्रोल टाकी असेल तर तीही काढा, इथेनॉल तिच्यातलं रेझिन सोडवतं. नटबोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत ३०४ वर डाग येतात. बोल्टांखाली सिलिकॉन लावू नका, त्यावर पुढे कुठलाच रंग बसत नाही, पॉलियुरेथेन सीलंट लावा.

पाण्यात घालण्याआधी बूच लावून आत चार बोटं पाणी भरा आणि खालून हात फिरवत ओल शोधा. पहिली उतरवणी उधाणाच्या भरतीला नको. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, तेव्हा खाडीच्या आतल्या बाजूला, जेटीला दोरी बांधूनच होडी तासभर तरंगत ठेवा. मग इंजिन लावून अर्ध्या वेगाने थोडं फिरा, लाइफ जॅकेट घालून आणि सोबत दुसरी होडी ठेवून. परत आल्यावर बूच उघडून किती पाणी निघतं ते मोजून लिहून ठेवा, ट्रान्समचे कोपरे टॉर्चने बघा आणि इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळा. नवं लाकूड आणि सीलंट दाबाखाली थोडं बसतं, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर दर वेळी हेच करायचं.